कला अकादमी, पणजी : दुरुस्तीने बिघडलेल्या नाट्यगृहाचं प्रकरण

नाट्यगृह जुनं झालं म्हणून बंद केलं, दोन वर्षांच्या वर दुरुस्ती चालली, खर्च पन्नास कोटींच्या पुढे गेला, वाजतगाजत पुन्हा उघडलं आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर कलाकार म्हणायला लागले की आधीचंच बरं होतं. पणजीच्या कला अकादमीचं प्रकरण चार ओळीत सांगायचं तर हे एवढंच. पण यावर जी काही चर्चा होते ती बहुतेक वेळा पैसे कुणी खाल्ले इथेच सुरू होते आणि तिथेच संपते. तो भाग विधानसभा, कोर्ट आणि चौकशा बघून घेतील. मला यात वेगळंच दिसतं. समजा एकेक रुपया अगदी चोख खर्च झाला असता, तरीही यातल्या निम्म्या तक्रारी आल्याच असत्या असं मला वाटतं, कारण नाट्यगृहाच्या कामाला सुरुवातीपासून इमारतीचं काम समजलं गेलं. स्लॅब, प्लास्टर, टाइल्स, एसी, रंग. आत जे वाजतं, उजळतं, ऐकू येतं त्याचा हिशेब सगळ्यात शेवटी.

मी हौशी नाटकात प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, ते समजून घ्या.

आधी जागा काय आहे ते

कला अकादमी ही संस्था १९६९ साली सुरू झाली. पणजीतल्याच कांपाल भागात मांडवी नदीच्या काठावर तिची जी इमारत आहे ती चार्ल्स कोरियांनी डिझाइन केली, सत्तरच्या दशकात काम सुरू झालं आणि १९८३ पर्यंत पूर्ण झालं. कोरिया मूळचे गोव्याचे, पुढे जगभर नाव झालं, पण या इमारतीत कुठेही 'बघा मी किती मोठा आर्किटेक्ट' असला तोरा नाही. रस्त्यावरून बघितलं तर बसकी, लांबट इमारत, वर पर्गोला म्हणजे उघड्या तुळयांची जाळी, आणि आत शिरलं की सरळ नदीपर्यंत जाता येतं. तिकीट असो नसो. संध्याकाळी नुसतं कॅन्टीनला चहा प्यायला आलेला माणूस, तबल्याच्या क्लासला आलेली पोरं, आणि आत प्रयोगाची तयारी करणारी मंडळी हे सगळे एकाच पडवीत एकमेकांना ओलांडून जाणार. मराठी मुलखात किती नाट्यगृहं अशी आहेत सांगा. आपल्याकडे गेट, वॉचमन, पार्किंगची पावती आणि मग बंद शटरचं बुकिंग ऑफिस.

आत मुख्य सभागृह म्हणजे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, साधारण हजारभर माणूस बसेल असं. बाहेर खुला रंगमंच, त्याची क्षमता याच्या दुप्पट. शिवाय प्रायोगिक नाटकांसाठी ब्लॅक बॉक्स म्हणजे छोटं काळ्या भिंतींचं दालन, चित्रांसाठी कलादालन, भारतीय संगीत, पाश्चात्त्य संगीत आणि नाट्यशिक्षणाचे वर्ग. आणि सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या युरोपियन थिएटरात बाजूच्या भिंतींना बाल्कन्या असतात ना, तशा बाल्कन्या तिथे नुसत्या रंगवल्यात आणि त्यात मारिओची ती जाडजूड बायका, टकले पुरुष, पंखे, टोप्या असली सगळी गोंयकार पब्लिक बसलेली. म्हणजे तुमच्या प्रयोगाला खाली चाळीस माणसं असली तरी भिंतींवर हाऊसफुल्ल. नटाला हे किती बरं वाटतं ते रिकाम्या हॉलमध्ये ज्याने प्रयोग केलाय त्यालाच कळेल.

ही जागा कुणाची, हे प्रकरण समजायला महत्त्वाचं आहे. गोव्यात नाटक हा वेगळा कार्यक्रम नसतो, गावच्या देवळाच्या उत्सवाला नाटक होणारच, आणि करणारे गावातलेच. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला. त्यामुळे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला किंवा संगीत नाटकांच्या स्पर्धेला जो संघ उतरतो त्यातल्या बहुतेकांनी आधी देवळासमोरच्या मांडवात तोंडाला रंग लावलेला असतो, आणि दीनानाथमध्ये उभं राहणं ही त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट. दुसरीकडे तियात्रवाले, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोंकणी लोकनाट्य करणारे. तियात्रच्या स्पर्धाही तिथेच. तिसरीकडे केसरबाई केरकरांच्या नावाचा सूरश्री समारोह, अभिषेकीबुवांच्या नावाचा महोत्सव. चौथीकडे पाश्चात्त्य कॉयर म्हणजे समूहगायन, आणि पियानो. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव. एकाच छपराखाली इतकं सगळं. आणि या प्रत्येकाला छपराकडून वेगळी गोष्ट हवी असते, ती पुढे सांगतो.

काय झालं, कसं झालं

आधी सरकारच्या बाजूचं बोलू, कारण ते कुणी बोलत नाही. इमारतीला दुरुस्तीची गरज होतीच. पणजीला वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, समोर मांडवीचं खारं पाणी, हवेत मीठ. अशा जागी आरसीसीच्या आतलं लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की वरचं काँक्रीट पोपडे धरून सुटतं. चाळीस वर्षांच्या इमारतीत हे होणारच. म्हणजे 'हात लावायलाच नको होता' असं जे काही जण म्हणतात ते मला पटत नाही.

पण सुरुवातच अविश्वासाने झाली. २०१९ मध्ये खुला रंगमंच पाडायचा विषय निघाला आणि एकदम गदारोळ उठला. चार्ल्स कोरिया फाउंडेशन पणजीतच आहे, त्यांनी विरोध केला, कलाकारांनी केला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं, आणि शेवटी पाडणार नाही, दुरुस्तीच करणार असं ठरलं. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी अकादमी बंद झाली. काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि कंत्राट निविदा न काढता नामांकन पद्धतीने दिलेलं. यावर विधानसभेत विचारलं तेव्हा तत्कालीन कला संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी शहाजहानने ताजमहाल बांधताना कुठे कोटेशन मागवली होती अशा अर्थाचं उत्तर दिलं. त्या एका वाक्याने पुढची तीन वर्षं गोव्यातल्या व्यंगचित्रकारांचा आणि मीमवाल्यांचा प्रश्न सुटला. जाऊ दे.

बंद काळात नाटकं थांबली नाहीत, ती फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात, मडगावच्या आणि साखळीच्या रवींद्र भवनात गेली. पणजीत मात्र तसा मोठा हॉल दुसरा नाही, मिनेझिस ब्रागांझाचं सभागृह आहे पण ते लहान. म्हणजे राजधानीच्या शहरात दोन वर्षांच्या वर पूर्ण आकाराचं नाट्यगृह नाही. रात्री साडेदहाला प्रयोग सुटल्यावर फोंड्याहून पणजीला स्कूटरवर परत यायचं म्हणजे म्हातारी माणसं गळणारच, आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक बहुतेक त्याच वयाचा.

मग १७ जुलै २०२३ ची पहाट. खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. पहाटेची वेळ म्हणून कुणी खाली नव्हतं, कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्याच दिवशी पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन सुरू होणार होतं, त्यामुळे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. त्यात मजा म्हणजे (मजा कसली, पण म्हणायचं) सगळा वाद यावर रंगला की तो स्लॅब नूतनीकरणाच्या कामात धरलेला होता की नव्हता. अरे, नसेल तर ते जास्त गंभीर नाही का? ज्या खुल्या रंगमंचाच्या धोक्यावरून २०१९ मध्ये पाडायची भाषा झाली, तोच भाग दुरुस्तीच्या यादीत नीट बसवलेला नसेल तर यादी कुणी केली?

१० नोव्हेंबर २०२३ ला अकादमी पुन्हा उघडली. बाहेरून चकाचक. आणि मग हळूहळू सुरू झालं. आवाज मागच्या रांगांपर्यंत नीट पोचत नाही, कुठे घुमतो कुठे मरतो. लाईटची यंत्रणा पुरेशी नाही, बाहेरून भाड्याने आणावी लागते. २०२४ च्या पावसात गळती. कलाकारांनी 'कला राखण मांड' नावाने एकत्र येऊन आवाज उठवला, सभा घेतल्या, निवेदनं दिली, आणि २०२४ मध्येच सरकारने दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमला. कोटी कोटी खर्चून उघडलेल्या वास्तूत काय बिघडलंय ते शोधायला वर्षभरात समिती नेमायची वेळ आली म्हणजे काहीतरी चुकलं हे कबूलच झालं की, वेगळा कबुलीजबाब कशाला हवा. २०२५ च्या उन्हाळ्यात शरद पोंक्षे प्रयोगासाठी तिथे आले होते, त्यांनी व्यवस्थेबद्दल जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि ते सगळीकडे फिरलं.

आवाजाचं गणित

आता मूळ मुद्दा. सभागृहात एखादी टाळी वाजवली की तिचा आवाज विरायला जो वेळ लागतो, त्यावर त्या हॉलचा स्वभाव ठरतो. गद्य नाटकाला हा वेळ कमी लागतो, साधारण एक सेकंद किंवा त्याहून थोडा कमी, नाहीतर एक शब्द संपायच्या आत दुसरा त्यावर चढतो आणि संवाद गढूळ होतात. पाश्चात्त्य कॉयरला उलटं, दीड ते दोन सेकंद आवाज रेंगाळला तरच ते भरीव वाटतं. संगीत नाटक यांच्या अधेमधे. पद सुरू झालं की सूर थोडा तरंगला पाहिजे, पण पद संपून 'अगं पण भामिनी' असं गद्य आलं की लगेच स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, आणि हे दर पाच मिनिटांनी उलटसुलट. खाली डाव्या-उजव्या बाजूला ऑर्गन आणि तबला. आणि तियात्रचं तर तिसरंच. परदा पडला की कांतार म्हणजे गाणं, समोर लाइव्ह बँड, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स, गायक माइक घट्ट धरून पब्लिककडे बघून गाणार आणि पब्लिक प्रत्येक टोमण्याला शिट्ट्या मारणार. तिथे हॉल घुमणारा असेल तर बँड गायकाला गिळून टाकतो.

हे सगळं एका हॉलने सांभाळायचं म्हणजे तो बारकाईने जमवलेला असतो. भिंतींचं पॅनेल, छताचा कल, खुर्चीचं कापड, जमिनीवरचं कार्पेट, पडद्यांचं वजन, प्रत्येकाचा वाटा. खुर्च्या बदलल्या तर आवाज बदलतो. रिकामी खुर्ची किती आवाज पिते आणि भरलेली किती, यातला फरक कमी असेल अशा खुर्च्या चांगल्या हॉलमध्ये मुद्दाम निवडतात, म्हणजे पन्नास लोक असोत की नऊशे, नटाला आवाज सारखाच लावता येतो. फॉल्स सिलिंग बदललं तर बदलतो. एसीचा डक्ट मोठा केला आणि त्याचा घों घों आवाज वाढला की शांत प्रसंग मेला. तबल्याची पुडी बदलली की ती किती का भारी असेना, स्वरात लावल्याशिवाय कुणी मैफलीत बसत नाही, हॉलचंही तसंच, काम संपलं म्हणजे स्वरात लावायचं काम सुरू झालं.

म्हणून अशा दुरुस्तीत पहिलं काम काय असतं, तर बंद करायच्या आधी मोजून ठेवणं. वेगवेगळ्या रांगांत मायक्रोफोन ठेवून, रिकाम्या आणि भरलेल्या हॉलमध्ये, आवाज किती वेळ टिकतो, कुठल्या पट्टीत जास्त टिकतो, शेवटच्या रांगेत शब्द किती स्पष्ट पोचतो, हे आकडे लिहून ठेवायचे. हे काही रॉकेट सायन्स नाही आणि सगळ्या खर्चाच्या मानाने हा खर्च म्हणजे चिल्लर. मग काम संपल्यावर पुन्हा मोजायचं आणि कंत्राटात लिहायचं की आधीच्या आकड्यांपेक्षा वाईट आलं तर काम पूर्ण झालं असं धरणार नाही. असे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून कुणी लोकांसमोर आणले असते तर 'आवाज बिघडला' आणि 'नाही, तुमचा भास आहे' हे भांडण चाललंच नसतं. आता ते मतावर चाललंय, आणि मतावर चाललेलं भांडण सरकारला नेहमीच परवडतं.

लाईटचं गणित

हे मी जरा जवळून सांगू शकतो. मुंबईचं व्यावसायिक नाटक दौऱ्यावर येतं तेव्हा बस सकाळी किंवा दुपारी पोचते, टपावरून सेटचे फ्लॅट उतरतात, आणि तीन-चार तासांत सेट, लाईट, साउंड सगळं उभं व्हायला लागतं. लाईटवाला आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतो, 'बार खाली येतात का?' म्हणजे ज्या पाइपवर स्पॉट लटकवायचे तो पाइप खाली घेता येतो की शिडी लावून वर चढायचं. दुसरा प्रश्न, 'डिमर किती चालू आहेत?' म्हणजे लाईट कमी-जास्त करायची यंत्रं. किती आहेत असं नाही, किती चालू आहेत. तिसरा, 'समोरचा बार कुठे आहे?' कारण तो फार सरळ समोर असेल तर नटाचं तोंड सपाट दिसतं आणि फार वर असेल तर डोळ्यांखाली खड्डे. या तीन उत्तरांवर त्या रात्रीचा प्रयोग कसा दिसणार ते ठरतं. फॉयरमधलं ग्रॅनाइट इटालियन आहे की राजस्थानी याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं.

त्यात मध्यंतरी तंत्र बदललं. पूर्वी सगळं हॅलोजन, पार आणि फ्रेस्नेल नावाचे दिवे, डिमरने कमी-जास्त करायचे. आता एलईडी. वीज कमी खातं, गरम होत नाही, रंग बटणावर बदलतो, सगळं मान्य. पण स्वस्तातलं एलईडी मंद करत नेलं तर शेवटी एकदम झटक्यात विझतं, आणि नाटकात 'हळूहळू अंधार' हा अर्धा अभिनय असतो. शिवाय जुन्या डिमरवर नवीन एलईडी लावलं तर ते फडफडतं. त्यामुळे हॉलमध्ये काय घ्यायचं हे ठरवताना जो माणूस वर्षाला शंभर प्रयोग ऑपरेट करतो तो टेबलावर बसलेला पाहिजे. बांधकाम खात्याच्या इंजिनिअरला हे माहीत नसणं हा त्याचा दोष नाही, त्याचं ते शिक्षणच नाही. त्याला पूल, रस्ता, शाळेची इमारत यायला हवी आणि ती येते. दोष त्याला एकट्याला बसवणाऱ्याचा.

आणि भुर्दंड कुणाला पडतो तेही बघा. मुंबईची कंपनी एकवेळ आपला लाईटवाला, आपलं सामान घेऊन येईल, तिकीट महाग करेल, भागवेल. काणकोणहून किंवा पेडण्याहून, म्हणजे गोव्याच्या टोकावरून स्पर्धेला आलेला हौशी संघ काय करणार? त्यांचं बजेट आधीच तालमीच्या चहात आणि दाढीमिशांत संपलेलं. हॉलमध्ये पुरेसे लाईट नाहीत म्हणून बाहेरून भाड्याने आणायचे तर तो खर्च नेपथ्यातून कापला जातो. आणि मग परीक्षक म्हणणार नेपथ्य कमजोर.

गळतीचंही असंच आहे. साध्या ऑफिसात गळती म्हणजे खाली बादली. नाट्यगृहात छताच्या पोकळीतूनच वायरी, बार, डक्ट गेलेले असतात, खाली लाकडी रंगमंच आणि कापडी पडदे. पाणी आणि ४४० व्होल्ट एका पोकळीत. इथे मला कोल्हापूर आठवतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. नाट्यगृहात लाकूड, कापड, रंग आणि वीज हे सगळं मुळातच एकमेकांच्या कुशीत असतं, त्यामुळे इथे गळती हा सौंदर्याचा प्रश्न नसतो. आणि एक बघा, कोल्हापुरात लोकांनी पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला, होतं तसंच उभारा. पणजीत इमारत उभी असताना दुरुस्तीच्या नावाखाली काय काय बदलतंय हे कळायला दोन वर्षं पत्र्याच्या कुंपणाबाहेर थांबावं लागलं.

कलाकार गप्प का होते

हा भाग लिहू की नको असं वाटत होतं, पण याच्याशिवाय प्रकरण अर्धवट राहील. स्थानिक कलाकार सुरुवातीला एवढे सावध का बोलत होते? कारण सोपं आहे. गोव्यात संस्थेला अनुदान पाहिजे तर कला आणि संस्कृती खातं. स्पर्धा घेणार अकादमी. पुरस्कार सरकारचे. गावच्या हॉलची तारीख रवींद्र भवनची, तेही सरकारीच. वृद्ध कलाकाराचं मानधन सरकारचं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडेच उद्या अर्ज घेऊन जायचंय. गोवा कलेवर जितका सरकारी पैसा खर्च करतो तितका आकाराच्या मानाने फार थोडी राज्यं करत असतील, आणि ते चांगलंच आहे, पण त्याची ही दुसरी बाजू. बाहेरून आलेला नट माइक हातात घेऊन मोकळेपणाने बोलू शकतो, कारण तो रात्री बसमध्ये बसून निघून जाणार. त्यामुळे 'बाहेरच्यांनी येऊन आम्हाला शिकवू नये' ही जी प्रतिक्रिया तेव्हा काही जणांनी दिली ती मला जरा विनोदीच वाटली. तुम्ही घरच्यांना बोलायला जागा ठेवली असती तर पाहुण्याला बोलावं लागलं नसतं.

कला राखण मांडवाल्यांना म्हणूनच मानायला हवं. त्यात तियात्रवाले आणि मराठी नाटकवाले एकत्र आले हे गोव्यात दिसतं तितकं सहज नाही, कोंकणी-मराठी भाषेच्या वादात एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं आहेत इथे. हॉल मात्र सगळ्यांचा एकच.

मग करायला काय हवं होतं

उघडण्याच्या आधी महिनाभर नुसते चाचणी प्रयोग. उद्घाटन नाही, फीत नाही, मंत्री नाही. एक गद्य नाटक, एक संगीत नाटक, एक तियात्र, एक शास्त्रीय मैफल, एक कॉयर. प्रेक्षक फुकट बोलवा, कांपालला संध्याकाळी फुकट नाटक म्हटलं की हॉल भरायला वेळ लागत नाही. प्रत्येक प्रयोगानंतर ऑपरेटर, नट, वादक आणि शेवटच्या रांगेतली चार म्हातारी माणसं यांना बसवून विचारा काय खटकलं. ती यादी कंत्राटदाराला द्या, दुरुस्त झाल्यावरच बिलाचा शेवटचा हप्ता. मोठ्या नाट्यगृहांत हे असंच करतात आणि याला वेगळी बुद्धी लागत नाही, लागते ती तारखेची घाई न करण्याची हिंमत. आपल्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागून धावतं. नोव्हेंबरमध्ये इफ्फी असतो, त्यामुळे पणजीत कुठल्याही सरकारी कामाची डेडलाइन नोव्हेंबरच, हे गोव्यात शेंबड्या पोराला माहीत आहे.

टास्क फोर्समध्ये रंगभूमीची माणसं घेतली हे चांगलं झालं, पण ती शेवटी आली. केंकरेंसारखा दिग्दर्शक २०२१ मध्ये, आराखडा कागदावर असताना टेबलावर असता तर त्याच्या एका 'हा बार इथे नको' ने जे काम झालं असतं त्याला आता भिंत फोडावी लागेल. आणि समितीच्या शिफारशींचं खरं वजन किती हे तिला पैसे खर्च करायचा अधिकार आहे का यावर ठरतं, नुसत्या अहवालाला कपाटं खूप आहेत.

माझ्या दृष्टीने आता तीन गोष्टींकडे डोळे लावून बसायला हवं. आवाजाची मोजणी होऊन ते आकडे लोकांसमोर येतात का. मारिओच्या भिंतींना ओल लागू नये म्हणून चित्रांच्या संवर्धनातला माणूस नेमतात का, की कुठला तरी पेंटर बोलावून 'टचअप' करून घेतात, कारण ते एकदा झालं की परत फिरता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर कुणी मोर्चा काढत नाही, ती म्हणजे कायमस्वरूपी टेक्निशियन. लाईट आणि साउंडचं कितीही भारी सामान घ्या, ते रोज हाताळणारा, कुठला डिमर आजारी आहे हे तोंडपाठ असलेला माणूस कंत्राटी असेल आणि अकरा महिन्यांनी बदलत असेल तर सामान दोन पावसाळ्यांत भंगार होतं. टास्क फोर्सने सुचवलेलं सामान येईलही, पण त्यासोबत त्या पदांची जाहिरात निघते का ते बघा.